पाच सेकंदांचा अर्धा सेकंद

सकाळी ९
शीतगृहात तापमान मोजणारा आमचा बोर्ड परत आला. सेन्सरचं यूएसबी उपकरण सुरू होतानाच अडतं, लॉगमध्ये उणे ११०. म्हणजे टाइमआउट. माझ्या लॅपटॉपवर तेच उपकरण, तोच ड्रायव्हर, बिनतक्रार चालतो.

१०
केबल बदलली, हब काढला, पॉवर सप्लाय बदलला. फरक नाही.

११:४५
लॉगमधल्या वेळांची वजाबाकी केली. विनंती गेल्यापासून बरोबर अर्ध्या सेकंदाने चूक येते, दर वेळी. सैल केबल इतकी वक्तशीर नसते. कोड उघडला तर टाइमआउटच्या जागी ‘एचझेड गुणिले ५’.

एचझेड म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे सेकंदाला पडणारे ठोके. एक ठोका म्हणजे एक जिफी. पाच सेकंदांच्या जिफी काढायला हे गणित अगदी बरोबर, पण यूएसबी कंट्रोल मेसेजचं फंक्शन मिलिसेकंद मागतं. लॅपटॉपच्या कर्नलमध्ये एचझेड १०००, म्हणून ५००० मिलिसेकंद, योगायोगाने जमलं. बोर्डावर एचझेड १००, म्हणून ५००. उपकरणाला नुसती फ्लॅश पुसायलाच पाऊण सेकंद लागतो.

लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. पूर्वी हे फंक्शन जिफीच घेत असे. २०२१ मध्ये मुख्य लिनक्स कर्नलमधल्या अनेक ड्रायव्हरमधून हीच चूक काढावी लागली.

दुपारी २
साधे ५००० लिहिले. बोर्ड चालू झाला. तरी उरलेली फाइल वाचली, आणि उलटी चूक सापडली. काम संपण्याची वाट पाहणाऱ्या फंक्शनला जिफी हव्या असतात, तिथे नुसते १०००. लॅपटॉपवर एक सेकंद, बोर्डावर दहा. तिथे एमसेक्स-टू-जिफीज घातलं.

त्याच्याच खालची ओळ वाचून मात्र पोटात गोळा आला. वेळ संपली तर हे फंक्शन शून्य देतं, नाहीतर उरलेल्या जिफी. ड्रायव्हर ऋण उत्तराची वाट पाहत होता, जे इथे कधीच येत नाही. म्हणजे सेन्सर गप्प बसला तरी पडद्यावर आधीचंच तापमान दिसत राहणार, आणि आत द्राक्षांच्या पेट्या.

४:३०
वेळ धरणाऱ्या प्रत्येक चलाच्या नावाला ‘एमएस’ किंवा ‘जिफीज’ जोडलं. कम्पायलरला दोन्ही पूर्णांकच, तो हटकत नाही.

६:१५
पॅच तपासताना सहकारी म्हणाली, “पाच हजारच का? दोन का नाहीत?” दोघांनी उपकरणाचं माहितीपत्रक उघडलं. फ्लॅश पुसण्याची कमाल मर्यादा तीन सेकंद. आकड्याशेजारी तेवढी टीप लिहिली.

७
एचझेड १००, २५० आणि १००० अशी तीन कर्नल बांधायला लावली. सकाळी तिन्हींवर सेन्सरची तार मुद्दाम तोडून बघायची आहे.