आरोग्य-संशोधनास द्रव्य कोठून मिळतें?

नवी मुंबईंत खारघर येथें कर्करोगावरील उपचार, संशोधन आणि शिक्षण यांची एक मोठी संस्था आहे. टाटा स्मारक केंद्राचा हा विभाग 'ॲक्ट्रेक' या आद्याक्षरी नांवानें ओळखला जातो. परळच्या गर्दींतून कर्करोग-संशोधनाच्या प्रयोगशाळा २००२ सालीं येथें आल्या. अशा प्रयोगशाळेंत दिवसरात्र राबणाऱ्या मुलामुलींना घरचीं वडील माणसें विचारतात, "हें शिक्षण आहे कीं नोकरी? आणि याचे पैसे देतो कोण?" प्रश्न साधा आहे, परंतु त्याचें उत्तर पुष्कळ वेळां संशोधकासहि पुरतें ठाऊक नसतें.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. शिष्यवृत्ति माणसाला मिळते. अनुदान कामाला मिळतें. शिष्यवृत्तींत संशोधकाच्या योगक्षेमाची तरतूद असते. अनुदानांत रसायनें, उपकरणें, साहाय्यकांचे पगार, खेडोपाडीं जाऊन रक्ताचे नमुने गोळा करण्याचा प्रवासखर्च, इतकेंच नव्हे तर संस्थेच्या विजेपाण्याचा वाटाहि धरावा लागतो. अनुदानाची रक्कम बहुधा संशोधकाच्या हातीं पडत नाहीं. ती त्याच्या संस्थेच्या खात्यांत जमा होते. म्हणून कोणत्याहि संस्थेचा आधार नसतां एकट्यानें घरीं बसून अनुदानाचा अर्ज लिहिणें हा बहुधा व्यर्थ खटाटोप ठरतो.

जगाच्या आरोग्याकरितां लागणारा पैसा नेहमीं विलायतेंतून किंवा अमेरिकेंतून इकडे येतो, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मुंबईचाच इतिहास मात्र वेगळें सांगतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या. पुढच्याच वर्षीं दोराबजींनीं त्यांच्या नांवें एक ट्रस्ट स्थापिला, आणि त्याच वर्षीं तेहि निवर्तले. या ट्रस्टच्या उत्पन्नाचा मोठा वाटा रक्ताच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्यास द्यावा, मग तो कोणत्याहि देशाचा असो, अशी योजना करण्यांत आली. उरलेला वाटा भारतांतील रोगनिवारणाच्या संशोधनास. परदेशांतील प्रयोगशाळांना मुंबईच्या पैशाचें साहाय्य होतें, ही गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतूनहि फारशी माहीत नाहीं.

या उदाहरणांतच अर्जदाराचा पहिला धडा आहे. हिवतापावर उत्तम काम करणारा एखादा विद्वान या ट्रस्टच्या परदेशी पारितोषिकासाठीं गेला, तर तो रिक्तहस्तें परतेल. त्यांत त्याच्या विद्वत्तेचा कमीपणा मुळींच नाहीं. ती थैली एका विशिष्ट दुःखांतून भरलेली आहे. थैली कोणती, तिचा धनी कोण आणि त्यानें ती कशासाठीं बांधली, हें न पाहतां एकच अर्ज दहा ठिकाणीं धाडणारे लोक पुष्कळ. आणि निराश होणारेहि तेच.

सरकारी थैल्यांपैकीं सर्वांत जुनी १९११ सालची. त्या वर्षीं स्थापन झालेल्या संशोधन-निधि मंडळाचें १९४९ मध्यें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद असें नामांतर झालें. केंद्र सरकारचें जैवतंत्रज्ञान खातें आणि लंडनचा वेलकम ट्रस्ट यांनीं मिळून २००८ सालीं 'इंडिया अलायन्स' नांवाची संस्था काढली. ती तरुण संशोधकांना भारतांतच राहून स्वतंत्र काम करण्यासाठीं कांहीं वर्षांची वृत्ति देते.

परदेशी धन घेतांना दात्याचा हेतु आणि आपली गरज यांची गांठ पडते कीं नाहीं, हें पाहणें अवश्य. पुण्याचें विषाणु-संशोधन केंद्र १९५२ सालीं परिषद आणि अमेरिकेचें रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें निघालें. प्रतिष्ठानास डांस-गोचिडांसारख्या कीटकांवाटे पसरणाऱ्या विषाणूंचा शोध जगभर घ्यावयाचा होता. पांच वर्षांनीं क्यासनूरच्या जंगलांत माकडें मरूं लागलीं आणि भोंवतालच्या माणसांनाहि तापानें पछाडलें, तेव्हां त्या तापाचा विषाणु याच पुण्याच्या मंडळींनीं ओळखला. अशी गांठ मात्र नेहमींच पडते असें नाहीं.

कायद्याचा भागहि थोडा रुक्ष, पण टाळतां येण्याजोगा नाहीं. परदेशी सहकार्यानें चालणाऱ्या आरोग्य-संशोधनास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी-समितीची संमति लागते. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेची नोंदणी व्हावी लागते. शिवाय २०२० च्या दुरुस्तीनंतर अशा संस्थेस तें धन दुसऱ्या संस्थेकडे वळवितां येत नाहीं. ज्यांचा बेत तीनचार लहान संस्थांनीं मिळून पैसा वांटून घेण्याचा असेल, त्यांनीं हें कलम अर्जाच्या आधींच वाचावें, मागाहून नव्हे.

आतां सर्वांत नाजुक गोष्ट. शिष्यवृत्ति संपल्यावर काय? डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या, १९१७ सालच्या जन्मलेल्या. टाटा रुग्णालयांत डॉ. वसंतराव खानोलकरांच्या हाताखालीं काम करून १९४९ सालीं त्यांनीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली, आणि त्यांच्याच प्रोत्साहनानें शिष्यवृत्ति घेऊन त्या अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या. शरीरांतील पेशी कांचेच्या भांड्यांत जिवंत ठेवून वाढविण्याची विद्या तेथें होती. परत आल्यावर मुंबईंत त्यांना प्रयोगशाळा मिळाली, म्हणूनच ती विद्या येथें रुजली. परतण्यास जागाच नसती, तर ती शिष्यवृत्ति एका व्यक्तीच्या प्रवासापुरतीच उरली असती. तेव्हां परदेशीं जाण्यापूर्वींच, परत येऊन कोणत्या टेबलाशीं बसावयाचें, हें आपल्या गुरूंशीं बोलून ठेवणें शहाणपणाचें होय.

स्त्रियांच्या बाबतींत अडचण दुहेरी. ऐन संशोधनाच्या वयांतच संसार आणि मुलें येतात, आणि शिष्यवृत्तीचें पंचांग कोणासाठीं थांबत नाहीं. १९७३ सालीं रणदिवेबाईंच्या पुढाकारानें भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन झाला. त्याचें मुख्य ठाणें नवी मुंबईंतच, वाशी येथें आहे. आणि तेथें नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठीं वसतिगृह आहे, लहान मुलांसाठीं पाळणाघर आहे.