उडी मारणारे जनुक कसे पकडावे?

पेशीतील डीएनए म्हणजे एकदाच छापलेला ग्रंथ, त्यातला मजकूर जागचा हलत नाही, अशी तुमची समजूत असेल. पण त्यातील काही मजकूर जागा बदलतो! बार्बरा मॅक्लिंटॉक यांना मक्यात असे फिरते घटक सापडले. त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातील असा एक घटक म्हणजे 'लाइन-१'. आपल्या डीएनएचा सुमारे १७ टक्के भाग त्याच्या प्रतींनी व्यापला आहे. बहुतेक प्रती मोडक्या व निष्क्रिय आहेत. पण सगळ्याच नव्हेत. १९८८ साली हेग कझाझियन आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलियाचे २४० रुग्ण तपासले. या रोगात जखमेतून वाहणारे रक्त लवकर थांबत नाही. दोन रुग्णांत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातच लाइन-१चा तुकडा घुसलेला होता. आईवडिलांच्या त्या जनुकात तो नव्हता. म्हणजे ही उडी नवीच होती!

ती प्रयोगशाळेत पकडायची कशी? लाइन-१ आधी आपली आरएनए नक्कल काढतो. त्या नकलेवरून पुन्हा डीएनए बनून तो नव्या जागी बसतो. मेख इथेच आहे.

१९९६ साली जॉन मोरन, कझाझियन आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. 'जी-४१८' या औषधापासून पेशीला वाचवणारे जनुक त्यांनी लाइन-१मध्ये उलट्या दिशेने बसवले आणि त्याच्या मधोमध एक निरुपयोगी तुकडा घातला. असे तुकडे पेशी आरएनएमधून कापून टाकते; मात्र कापण्याच्या खुणा वाचनाच्या दिशेने असाव्या लागतात. येथे त्या लाइन-१च्या दिशेने होत्या. म्हणून जनुक नुसते वाचले, तर तुकडा तसाच राहतो आणि जनुक निकामी ठरते. लाइन-१ची नक्कल निघाली, तुकडा कापला गेला आणि ती नक्कल डीएनए होऊन रंगसूत्रात शिरली, तरच जनुक सलग होते.

मग 'हेला' नावाच्या मानवी पेशींवर औषध घातले. उडी न झालेल्या पेशी मेल्या. उडी झालेली प्रत्येक पेशी वाढून तिची वसाहत झाली. वसाहती रंगवून मोजल्या, की उड्यांची मोजदाद झाली! लाइन-१ची प्रथिने मुद्दाम बिघडवल्यावर वसाहती जवळजवळ नाहीशा झाल्या. हाच खरा पडताळा.

भौतिकीतही असेच घडते. क्लाउड चेंबरमध्ये कण दिसत नाही, त्याचा माग दिसतो.

आता विचार करा: मधला तुकडा औषधरोधी जनुकाच्याच दिशेने बसवला असता, तर कोणत्या पेशी जगल्या असत्या?