घनफळ : सूत्र एकच, आकार अनेक

"बाई, इतकी सूत्रं पाठ कशी करायची?" घनफळाचा पाठ आला की हा प्रश्न हमखास येतो. खरं तर उभ्या चितीसाठी सूत्र एकच आहे :

घनफळ = तळाचे क्षेत्रफळ × उंची

मुलांना सारखी नाणी एकावर एक रचू द्या, वृत्तचिती तयार होते. पुठ्ठ्याचे सारखे त्रिकोण रचले की त्रिकोणी चिती. तळ बदलतो, रीत तीच.

उदा. गोल टाकीचा आतला व्यास १४० सेमी, उंची १०० सेमी. म्हणजे त्रिज्या ७० सेमी.
तळाचे क्षेत्रफळ = २२/७ × ७० × ७० = १५,४०० चौसेमी
घनफळ = १५,४०० × १०० = १५,४०,००० घसेमी = १५४० लिटर
(१००० घसेमी = १ लिटर)

मुलं इथे त्रिज्येऐवजी व्यासच घेतात आणि उत्तर चौपट येतं, ६१६० लिटर! अशा वेळी लगेच लाल रेघ मारू नका. विचारा, "ही टाकी जेमतेम मावेल अशा चौकोनी खोक्याचं घनफळ किती?" १४० × १४० × १०० म्हणजे १९६० लिटर. मग आतली टाकी खोक्यापेक्षा मोठी कशी? चूक मूल स्वतःच शोधतं, आणि ती पुन्हा सहसा होत नाही.

पालकांनो, घरातला गोल डबा मोजून, लिटरच्या मापाने पाणी भरून हे एकदा मुलांसोबत नक्की करून पाहा.