ईसबगोलाने न सुटणारे बद्धकोष्ठ

पोट साफ होत नाही म्हटले की सल्ला ठरलेला असतो: रात्री झोपताना दोन चमचे ईसबगोल घ्या, पपई खा, पाणी वाढवा. जर्मनीतल्या डॉक्टरांनी यातला ईसबगोल नीट तपासून पाहिला. 1997 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जुनाट बद्धकोष्ठाच्या 149 रुग्णांना निदान सहा आठवडे ईसबगोलाच्याच वनस्पतीचे बी दिले होते, रोज 15 ते 30 ग्रॅम. तपासण्यांत ज्यांच्यात काहीच दोष सापडला नाही, त्यांच्यापैकी 85 टक्के लोकांना गुण आला. ज्यांचे मोठे आतडे मुळातच मंद चालत होते, त्यांच्यापैकी 80 टक्के लोकांना काही फरक पडला नाही. तिसरा गट होता मल बाहेर टाकण्याच्या क्रियेतच बिघाड असलेल्यांचा. त्यातले 63 टक्के लोक होते तिथेच राहिले.

हा तिसरा गट आपल्याकडे सहसा कुणाच्या गावीही नसतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिला डॉक्टर पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर तोललेले असतात. त्यातला एक स्नायू गुदाशयाला मागून वेढा घालून पुढे ओढून धरतो. त्यामुळे तिथे जवळजवळ काटकोनातले वळण तयार होते आणि चालता-बोलता, खोकताना, शिंकताना मल जागच्या जागी राहतो. शौचाला बसल्यावर हा स्नायू सैल पडायला हवा. काहींच्या बाबतीत उलटे घडते: माणूस जोर लावतो आणि त्याच वेळी तो स्नायू आणखी आवळला जातो. वरून दाब, खाली दार बंद. असा माणूस अर्धा-अर्धा तास कुंथत बसतो आणि ‘अजून राहिलंय’ असे वाटत बाहेर येतो. मोठ्या रुग्णालयांत पाठवल्या जाणाऱ्या जुनाट बद्धकोष्ठाच्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जण या प्रकारचे निघतात.

यांनाही बहुतेक वेळा कोंडाच वाढवायला सांगितले जाते. मल फुगतो, वाट मात्र मोकळी होत नाही, आणि पोट आणखी डब्ब होते. पाण्याचेही तसेच. ज्याच्या शरीरात पाणी कमी पडते त्याला त्याचा उपयोग होतो. पुरेसे पिणाऱ्याने आणखी दोन तांबे रिचवले तर ते बहुतांशी लघवीवाटे निघून जातात.

‘रोज सकाळी झालेच पाहिजे’ हा हट्टही असाच. भारतात बहुतेकांना दिवसातून एक-दोनदा होते हे खरे, पण वैद्यकशास्त्राच्या हिशेबी दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा इथपर्यंत सगळे नैसर्गिक. बद्धकोष्ठाचे निदान निव्वळ दिवस मोजून होत नाही. फार कुंथावे लागणे, खडा होणे, अडल्यासारखे वाटणे, साफ न झाल्याची भावना उरणे, ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. रोज न चुकता शौचाला जाणारा माणूसही बद्धकोष्ठाचा रुग्ण असू शकतो, आणि नेमके हेच त्याच्या घरच्यांना पटत नाही.

‘आत साचलेल्या मळाचे विष रक्तात भिनते’ ही समजूत एकट्या आपल्या आजीबाईंची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामांकित शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन यांनी याच समजुतीपायी बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली होती. हा सिद्धांत पुढे मोडीत निघाला. बद्धकोष्ठाने जीव हैराण होतो, डोके जड होते, पण रक्तात विष भिनत असल्याचा पुरावा सापडलेला नाही. महिन्यातून एकदा एरंडेल पाजून ‘कोठा धुण्याची’ निरोगी माणसाला गरज नसते.

रेचकांची भीतीही अवास्तव आहे. सोनामुखी अनेक चूर्णांत असते. योग्य मात्रेत ती घेतल्याने आतडे कायमचे निकामी होते, असे दाखवणारा ठोस पुरावा नाही. दीर्घकाळ घेतल्यावर आतड्याच्या अस्तरावर काळसर झाक येते. दुर्बिणीतून ती पाहून रुग्ण हबकतात, पण ती निरुपद्रवी असते. मुद्दा वेगळाच आहे. स्नायू सैलच पडत नसेल तर रेचकाने मल पातळ होईल इतकेच. मग लोक मात्रा वाढवतात, एके दिवशी जुलाब होतात, घाबरून औषध बंद करतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

2015 सालच्या ‘पिकू’ चित्रपटात इरफान खानचा राणा कागदावर आकृती काढून अमिताभच्या भास्करदांना उकिडवे बसण्याचे महत्त्व समजावतो. त्या आकृतीत तथ्य होते. उकिडवे बसल्यावर गुदाशयाचे ते काटकोनी वळण अधिक सरळ होते. कमोड असला तर पायांखाली एखादा बुटका पाट किंवा स्टूल घ्यावा, गुडघे कमरेच्या वर यावेत आणि किंचित पुढे झुकून बसावे. पण भारतीय पद्धतीच्या संडासावर आयुष्य काढलेल्यांनाही हा विकार होतो, तेव्हा सगळे खापर कमोडवर फोडता येणार नाही.

मग उपाय काय? व्यायाम, पण भलताच नव्हे. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगल यांनी 1948 मध्ये सुचवलेले आवळण्याचे व्यायाम बाळंतपणानंतर सैल पडलेल्या स्नायूंसाठी होते. हसता-खोकताना लघवी होणाऱ्या बायकांना ते उपयोगी पडतात. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहून तेच सुरू केले तर त्रास वाढू शकतो. त्यांनी शिकायचे असते ते सोडणे.

ते शिकवण्याच्या पद्धतीला बायोफीडबॅक म्हणतात. गुदमार्गात बारीक नळी बसवतात आणि पडद्यावर दोन रेषा दिसू लागतात, एक जोराची, दुसरी गुदद्वाराच्या स्नायूची. ‘जोर करा’ म्हटल्यावर पहिली चढावी आणि दुसरी उतरावी. इथे दोन्ही एकदम चढतात. वर्षानुवर्षे ‘माझी पचनशक्तीच मंद’ म्हणणारी व्यक्ती आपली चूक पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहते. मग पोटाने श्वास घेणे, घसा न आवळता जोर लावणे, पाण्याने भरलेला छोटा फुगा बाहेर ढकलण्याचा सराव, असे सहसा चार-सहा सत्रांत चालते. इटलीत झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांवर बायोफीडबॅकची रेचकांशी थेट तुलना केली. सहा महिन्यांनी बायोफीडबॅकच्या 54 पैकी 43 जणांना मोठा फरक पडला होता, रेचकांच्या 55 पैकी फक्त 12 जणांना.

सोडण्याऐवजी आवळणे लहान मुलांतही दिसते. एकदा दुखले की मूल धसका घेते. मग पलंगाला धरून, चवड्यांवर उभे राहून, पाय आवळून लालबुंद होते. आईला वाटते ते जोर करतेय. प्रत्यक्षात ते रोखून धरत असते.

निदानासाठी लगेच महागड्या तपासण्या लागत नाहीत. अनुभवी डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासताना जोर करायला सांगतात आणि स्नायू सैल होतो की आवळतो, हे बरेचदा तिथेच कळते. अडचण असते ती बोलण्याची. मल बोटाने काढावा लागणे, किंवा योनीची मागची भिंत दाबल्याशिवाय शौच न होणे, ही या विकाराची बोलकी लक्षणे आहेत, पण ती नवऱ्यालाही सांगितलेली नसतात. केसपेपरवर ‘बद्धकोष्ठ’ एवढाच शब्द पडतो. लोहाच्या गोळ्या, कोडीनयुक्त खोकल्याची औषधे, थायरॉइडची कमतरता यांनीही बद्धकोष्ठ होते, म्हणून चालू औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त पडणे, वजन घटणे, पंडुरोग, किंवा पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणे, यांपैकी काही असेल तर बायोफीडबॅकच्या आधी दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे लागते.