दुरुस्ती कीं रूपांतर ?

कायद्याच्या पुस्तकांत कांहीं शब्द दिसावयास अत्यंत निरुपद्रवी असतात, पण त्यांच्या पोटांत गांवेंच्या गांवें गडप होतात. 'अनवधानानें झालेली चूक' हे शब्द त्याच जातीचे होत. गोव्याच्या विधानसभेनें सन २०२३ मध्यें नगर व ग्रामनियोजनाच्या कायद्यांत कलम १७ ला दुसरें पोटकलम जोडलें, तें याच शब्दांच्या आधारावर. प्रादेशिक आराखड्यांत अनवधानानें कांहीं चुका राहिल्या असतील, किंवा जमिनीच्या उपयोगाची वर्गवारी कोठें परस्परविसंगत झाली असेल, तर ती नीट करण्याची वाट असावी, असें या पोटकलमाचें बाह्य रूप होतें. चूक दुरुस्त करूं नये असें कोण म्हणेल ? परंतु दुरुस्तीच्या या वाटेनें भातशेतें, बागायती आणि डोंगरउतार यांचे तुकडे एकामागून एक वसाहतीच्या रंगांत जाऊं लागले. आणि ज्या गांवांच्या शिवारांत हे तुकडे होते, त्यांची हरकत अगोदर ऐकून घेण्याची तजवीज नियमांत नव्हती. शेजारचें शेत घरबांधणीला मोकळें झालें, ही बातमी गांवकऱ्यांस पुष्कळदां सरकारी राजपत्रांतूनच कळावी, हा कोठला न्याय ?

गांवकऱ्यांनीं सभा भरविल्या, ठराव केले, आणि अखेर प्रकरण न्यायालयांत गेलें. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी ऑफ गोवा आणि गोवा बचाव अभियान यांनीं केलेल्या अर्जांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें ता. १३ मार्च २०२५ रोजीं या पोटकलमाखालील नियम व मार्गदर्शक सूचना रद्द केल्या, आणि खुद्द पोटकलमाचा अर्थही आकुंचित केला. खासगी अर्जदाराच्या सोयीसाठीं, दुरुस्तीच्या नांवाखालीं, आराखड्याचे लचके तोडतां येणार नाहींत, असा या निकालाचा मथितार्थ आम्ही समजतों. निकाल सर्वथा स्वागतार्ह आहे. पण निकालाच्या आनंदांत गांवांनीं झोपीं जाऊं नये. सन २०१८ मध्यें कलम १६-ब आलें, सन २०२३ मध्यें १७ (२) आलें, आणि सन २०२४ मध्यें ३९-अ आलें. एक दार लावावें तों दुसरें उघडावें, असा हा क्रम आहे. म्हणून वाद अमुक एका कलमाचा नाहीं. गांवची जमीन कोणत्या कामीं लागावी हें ठरवितांना गांवास विचारावयाचें कीं नाहीं, हा खरा वाद आहे.

ज्या वाचकांस मागील हकीकत ठाऊक नसेल त्यांच्याकरितां ती थोडक्यांत सांगतों. सन २००६ च्या ऑगस्ट महिन्यांत गोव्याचा 'प्रादेशिक आराखडा २०११' जाहीर झाला. त्यांत शेतें, बागा आणि टेंकड्या यांवर वसाहतीचा रंग किती सढळ हातानें फिरविला आहे हें लोकांच्या ध्यानांत येतांच सर्व तालुक्यांतून ओरड उठली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत गोवा बचाव अभियान स्थापन झालें, आणि सन २००७ च्या आरंभींच सरकारला तो आराखडा मागें घ्यावा लागला. नवा आराखडा करण्यासाठीं जो कार्यगट नेमला गेला, त्याचे उपाध्यक्ष सुप्रसिद्ध वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया होते. या कार्यगटाच्या 'आराखडा २०२१' चा मसुदा गांवोगांवच्या पंचायतींकडे पाठविण्यांत आला. शेतकरी, शिक्षक, दुकानदार व पाद्री असे नाना तऱ्हेचे लोक नकाशे पसरून बसले. हा ओढा येथें नाहीं, ती देवराई तेथें दाखविली पाहिजे, हें घर शेतांत पडलें आहे, अशा सूचना त्यांनीं धाडल्या. तो आराखडा निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. तो पुढें सन २०१२ मध्यें स्थगित झाला व सन २०१८ मध्यें पुन्हां अंमलांत आला, हेंही खरें. परंतु आपल्या भूमीचा नकाशा गांवानें स्वतः वाचावा, ही गोष्ट तेव्हां घडली. ज्या नकाशावर गांवांनीं आपले डोळे झिजविले, त्याच नकाशांतील 'चुका' पुढें गांवांस न विचारतां सरकारी कचेरींत सांपडूं लागल्या, यास काय म्हणावें ?

कोणी म्हणेल, चार शेतें गेलीं तर एवढा गहजब कशाला ? गोव्याची भूमी ज्यानें पाहिली आहे तो असें म्हणणार नाहीं. संपूर्ण राज्याचें क्षेत्रफळ अवघें ३७०२ चौरस किलोमीटर. वर्षास सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो सगळा डोंगरांवरून थोड्याच कोसांत समुद्रास मिळतो. वाटेंत त्याला अडविणारे दोनच धनको आहेत. एक जांभ्या दगडाचा सडा; तो पावसाचें पाणी पोटांत घेतो आणि उताराखालच्या गांवांतल्या झऱ्यांतून व विहिरींतून तें हळूहळू परत देतो. दुसरी खाजनाची जमीन. समुद्राच्या भरतीपासून बांध घालून आणि मानसांची दारें बसवून पूर्वजांनीं ती कमावली. अशी जमीन सुमारें १७ ते १८ हजार हेक्टर असल्याचें सांगतात. सड्यावर सिमेंट ओतलें कीं खालची विहीर आटते. खाजनांत भराव घातला कीं पावसाळ्याचें पाणी शेजाऱ्याच्या ओसरीवर चढतें. जमिनीचा सातबारा म्हणा कीं गोव्यांतला एक-चौदाचा उतारा म्हणा, तो एकट्याच्या नांवावर असूं शकतो. पण पाण्याचा उतारा साऱ्या गांवाच्या नांवावर असतो. या एका गोष्टींत गांवकऱ्यांच्या हक्काचें मूळ आहे.

आणि हा हक्क नवा नाहीं. गोव्याची गांवकरी ही संस्था पोर्तुगीजांच्या पूर्वींची. शेतें वांटून देणें, बांध राखणें, देवळाचा खर्च चालविणें हीं कामें गांवकर मिळून करीत. पोर्तुगीज अंमल जुलमी होता, त्यानें देवळें मोडलीं व माणसें देशोधडीस लाविलीं, हें आम्ही विसरलों नाहीं. तथापि त्या परक्या सत्तेलाही सन १५२६ मध्यें गांवकरांचे रीतिरिवाज विचारून 'फोराल' या नांवाच्या सनदेंत लिहून ठेवावे लागले. गोवा ता. १९ डिसेंबर १९६१ रोजीं स्वतंत्र झाला. सन १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान मिळालें. आतां जर आपल्याच सरकारला गांवास विचारण्याचा कंटाळा येऊं लागला, तर स्वराज्य राजधानीपर्यंत पोंचलें पण वेशींतून आंत आलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

ज्या विलायतेच्या नगररचनेचा कित्ता आपण गिरवितों, तेथें काय चालतें तेंही पाहूं. शहरांभोंवतीं मोकळ्या जमिनीची 'हरित मेखला' राखावी म्हणून सन १९३८ मध्यें लंडनपुरता कायदा झाला. सन १९४७ चा नियोजनाचा कायदा व सन १९५५ चें सरकारी परिपत्रक यांनीं ती पद्धति देशभर पसरली. आज इंग्लंडच्या एकंदर भूमीपैकीं सुमारें आठवा हिस्सा या मेखलेंत मोडतो. तेथेंही घरांची टंचाई आहे, आणि मेखलेवर बिल्डरांचे डोळे आहेत. सन २०२४ च्या डिसेंबरांत तेथील सरकारनें मेखलेच्या कांहीं भागाबाबत नियम सैलही केले. परंतु मेखलेची सीमा बदलावयाची तर ती अपवादात्मक कारण दाखवून, स्थानिक आराखडा उघडपणें फेरतपासून, आणि तटस्थ निरीक्षकापुढें लोकांचें म्हणणें मांडूं देऊनच बदलावी, असा तेथील दंडक आहे. एखाद्या गांवास तेथेंही हार खावी लागते. पण ती हार चव्हाट्यावर होते, पाठीमागून होत नाहीं.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें. पहिला आक्षेप असा कीं, जमीन मालकाची. ती विकावी कीं पिकवावी हें सांगणारे गांवकरी कोण? ज्या लहान शेतकऱ्यास शेती परवडत नाहीं त्याची अडचण आम्हांस कळते, आणि त्याचें दुःख थट्टेवारी नेणारे सुखवस्तु पर्यावरणप्रेमी आम्हांस पसंत नाहींत. पण रंग बदलल्यानें जो भाव दसपट चढतो त्यांतलें किती त्या शेतकऱ्याच्या पदरांत पडतें ? बहुधा रंग बदलण्यापूर्वींच जमीन त्याच्या हातून गेलेली असते. दुसरा आक्षेप असा कीं, आराखड्यांत खऱ्या चुका आहेत. पिढ्यान्‌पिढ्या उभें असलेलें घर शेतांत दाखविलें गेलें आहे, त्या बिचाऱ्यानें छप्पर कसें शाकारावें? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणूनच तर खरी चूक व बनावट चूक यांची निवड झाली पाहिजे. तिसरा आक्षेप घरांचा. गांवच्या मुलांस घरें हवींत हें खरेंच. मात्र डोंगर कापून उठणाऱ्या ज्या वाड्यांत वर्षांतून पंधरा दिवस दिवा लागतो, तीं घरें गांवच्या मुलांसाठीं आहेत असें सांगूं नये.

आमचे बहुतेक वाचक शहरांत राहणारे, आणि त्यांतले पुष्कळ व्यापारी. गोव्यांतल्या शेतांशीं आपणांस काय कर्तव्य, असें त्यांस वाटण्याचा संभव आहे. त्यांस आम्ही त्यांच्याच धंद्यांतली गोष्ट विचारतों. ज्या तराजूचा कांटा गिऱ्हाईकागणिक सरकतो त्या तराजूवर बाजार चालेल काय ? आराखडा हें जमिनीचें माप आहे. तें एका अर्जावर बदलूं लागलें कीं प्रामाणिक बांधकामवाल्यानें नियमांत बसणारी जमीन महाग घ्यावी, आणि त्याच्या शेजाऱ्यानें शेत स्वस्तांत घेऊन त्याचा रंग बदलून आणावा, अशी स्थिति होते. शिवाय मुंबईपुण्याचे जे गृहस्थ आपली जन्माची पुंजी अशा जागेंत घालतात, त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं न्यायालयानें उद्यां परवानगीचा पायाच काढून घेतला तर त्यांच्या हातीं खरेदीखत व दावा एवढेंच उरेल. गांवकऱ्यांचा लढा हा या दृष्टीनें गिऱ्हाइकाचाही लढा आहे.

महाराष्ट्रानेंही हा दुसऱ्याच्या घरचा तंटा समजूं नये. आपल्याकडे सन १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यांत कलम ३७ आहे. त्यांत विकास आराखड्यांत 'किरकोळ' फेरबदल करण्याची मुभा आहे, पण आराखड्याचें स्वरूप बदलतां कामा नये व लोकांच्या हरकती मागविल्या पाहिजेत अशी अट आहे. अट चांगली आहे. तथापि हरकतीची नोटीस कोठल्या वर्तमानपत्राच्या कोणत्या कोपऱ्यांत छापली गेली याचा पत्ता किती गांवांस लागतो? वसईच्या हरित पट्ट्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं जी चळवळ चालविली, तिच्यामुळें विहिरी व बागा राखण्याचा प्रश्न शेतकऱ्याच्या तोंडून सरकारच्या कानीं गेला. जेथें असा कोणी पुढारी नसेल तेथें काय होतें, तें शहराशेजारच्या कोणत्याही गांवीं जाऊन पाहावें.

केवळ निषेध करून थांबणें हें आमच्या धंद्यास शोभत नाहीं. म्हणून तीन सूचना करतों. पहिली : 'चूक' या शब्दाची व्याख्या कायद्यांतच करावी. आराखडा तयार झाला त्या दिवशीं जें घर, जो रस्ता किंवा जी परवानगी दप्तरीं नोंदलेली होती आणि नकाशांत उतरली नाहीं, तीच चूक. पुढें सुचलेला बेत म्हणजे चूक नव्हे. दुसरी : प्रत्येक अर्ज, अर्जदाराचें नांव, सर्व्हे नंबर व क्षेत्रफळ यांसह पंचायतीच्या फळ्यावर लागावा, ग्रामसभेंत वाचला जावा, आणि ग्रामसभेचें मत न मानल्यास त्याचीं कारणें अधिकाऱ्यानें सहीनिशीं लिहावींत. तिसरी : जेथें खरोखर उपयोगच बदलावयाचा असेल तेथें दुरुस्तीचा आडमार्ग बंद करून आराखड्याच्या फेरतपासणीचा राजमार्ग धरावा; मसुदा प्रसिद्ध करावा, हरकती ऐकाव्या, मग मंजुरी द्यावी. या तिहींत सरकारचा अधिकार कोठेंही कमी होत नाहीं. फक्त तो उजेडांत वापरावा लागतो.

गांवकऱ्यांसही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सासष्टींतील कारमोणा गांवीं मोठ्या गृहप्रकल्पाविरुद्ध चळवळ झाली, सांकवाळ येथें सन २०२४ मध्यें उपोषणें झालीं. या निर्धाराबद्दल आम्हांस आदर आहे. पण उपोषणाची वेळ येते ती बहुधा यंत्रें टेंकडीवर चढल्यानंतर. त्यापूर्वीं वर्षभर आपल्या गांवचा नकाशा पंचायतींत टांगलेला आहे कीं नाहीं, ग्रामसभेस गणपूर्ति होते कीं नाहीं, राजपत्र कोणी वाचतो कीं नाहीं, याची काळजी घेतली तर अर्धे तंटे उगमाशींच मिटतील. आणि मत देतांना जो उमेदवार शेताच्या बांधावर भाषण करतो त्याला एवढेंच विचारावें, कीं गेल्या पांच वर्षांत रंग बदलण्याच्या कलमांवर तुम्ही हात कोणत्या बाजूस वर केलात ?

कुंपणच शेत खाऊं लागलें तर दाद कोणाकडे मागावी, असें आपले शेतकरी पूर्वींपासून विचारीत आले आहेत. उच्च न्यायालयानें या खेपेस दाद दिली. पण कुंपण राखणें हें न्यायालयाचें नित्याचें काम नव्हे. तें शेताच्या धन्याचें काम आहे, आणि या शेताचा धनी सारें गांव आहे. त्याला विचारल्यावांचून शेताचा रंग बदलूं नये, एवढीच आमची मागणी आहे.