हिमालय ओलांडणारा नाथसागरचा पाहुणा

थंडी पडू लागली की पिशोरजवळच्या अंजना-पळशी धरणापासून पैठणच्या नाथसागरापर्यंत आपल्या जिल्ह्यातले पाणसाठे पाहुण्या पक्ष्यांनी गजबजतात. नाथसागरावर येणारा पट्टकादंब हा त्यांतलाच एक दूरचा प्रवासी. अंग राखाडी, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. हरभरा-गव्हाचे कोवळे कोंब त्याला फार आवडतात. गाळपेर करणाऱ्या शेतकऱ्याला तो नकोसा वाटला तर नवल नाही.

त्याची वीण होते तिबेट-मंगोलियात, म्हणजे वाटेत हिमालय आलाच. तो एव्हरेस्टवरून उडत जातो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाई. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो जंगली पक्षी मेले. त्यांत बहुसंख्य पट्टकादंबच होते. हा रोग त्याच्याबरोबर कुठे पसरू शकतो हे जाणण्यासाठी तेव्हापासून त्याची वाट नेमकी कळणे निकडीचे झाले. ओडिशातले चिलिका, तमिळनाडूतले कूंतनकुलम आणि मंगोलियातली सरोवरे इथे पक्षी पकडून त्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले ट्रान्समीटर बसवण्यात आले.

ब्रिटनच्या बँगर विद्यापीठातील ल्युसी हॉक्स, चार्ल्स बिशप आणि सहकाऱ्यांनी ही माहिती २०११ पासून प्रसिद्ध केली. उत्तरेकडे जाताना हे पक्षी हिमालयाची चढाई सात-आठ तासांत पूर्ण करतात, तीही बहुधा रात्री किंवा पहाटे. दुपारी डोंगराकडे वर चढणारा वारा फुकटात मिळतो, तो ते घेत नाहीत. थंड हवा दाट असते, पंखांना आधार देते. शिवाय रात्री वारा शांत असतो. सर्वाधिक उंची नोंदली गेली ७,२९० मीटर. मात्र बहुतेक नोंदी साडेपाच हजार मीटरच्या आतल्या. एव्हरेस्टची गोष्ट यंत्राने खरी ठरवली नाही. मला तर रात्रभर स्वतःच्या पंखांवर केलेली ही चढाईच अधिक थोर वाटते.

पुढचा प्रयोग आणखी धाडसी होता. मंगोलियात जुलैत पिसे गळाल्याने पक्ष्यांना उडता येत नाही; तेव्हा त्यांना पकडून हृदयाचे ठोके, पंखांची गती आणि हवेचा दाब टिपणारी यंत्रे शस्त्रक्रियेने पोटात बसवली गेली. वर्षाने तेच पक्षी पुन्हा पकडून यंत्रे काढली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. पक्षी एकदम उंच चढून तिथेच राहत नाही. डोंगराच्या अंगाअंगाने जातो, दरी आली की उतरतो, पुन्हा चढतो. विरळ हवेत पंखांची गती पाच टक्के वाढली, तरी लागणारी शक्ती सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कमावलेली उंची सोडून देणेच परवडते.

ट्रान्समीटर महागडा, मोजक्याच पक्ष्यांच्या वाट्याला येणारा. पण मंगोलियात हिरवे गळपट्टे घातलेले कादंब भारतातल्या तलावांवर दिसले आहेत, आणि त्या पट्ट्यांवरची अक्षरे दुर्बिणीतून वाचता येतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालून अशा नोंदी जमवते आहे. या हिवाळ्यात धरणावर गळपट्ट्याचा कादंब दिसला तर जवळ जाऊन त्याला उठवू नका. लांबूनच अक्षरे, रंग, तारीख आणि ठिकाण टिपा आणि सोसायटीला मुंबईला कळवा.