नव्या इंजिनाचे लाड नकोत!

इथे मिशिगनमध्ये बोटीचा मोसम जेमतेम मे ते सप्टेंबर. आम्हा तीन मित्रांच्या जुन्या बोटीचं व्ही-एट इंजिन यंदा रीबिल्ड करून घेतलं. खर्च बराच, त्यामुळे पहिले काही तास महत्त्वाचे.

आपल्याकडे नवी स्कूटर 'रनिंग इन'मध्ये हळूच चालवायची. इथे मात्र नुसतं आयडलिंग घातक. सिलिंडरच्या आतून होनिंगच्या बारीक तिरप्या रेघा असतात. त्यांच्यावर घासूनच पिस्टनच्या रिंगा नीट बसतात आणि त्यासाठी लोड लागतो. तो मिळाला नाही, तर आतला भाग गुळगुळीत होतो आणि इंजिन कायमचं ऑइल पिऊ लागतं. सलग फुल थ्रॉटलही नको. वेग कमीजास्त करत राहायचं.

ऑइल? सुरुवातीला साधं मिनरल, रिंगा बसल्यावर हवं तर सिंथेटिक. जुन्या पद्धतीचा फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्ट असेल, तर जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ब्रेक-इन ऑइल हवंच. पुढे मात्र मरीन ऑइलच घ्या. बोटीला उतार नसतो. ती सतत घाट चढणाऱ्या ट्रकसारखी राबते.

पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला. जुना फिल्टर कापून पाहा: धातूची किंचित भुकटी चालेल, चकत्या दिसल्या तर थेट मेकॅनिक गाठा!